नोकरीच्या शोधात सोशल मीडिया: स्वतःचं नाव सर्च करण्यापासून रेफरल मागण्यापर्यंत

नोकरी हवी असली की बहुतेक जण लिंक्डइन उघडतात, फोटो बदलतात, दोन-चार सर्टिफिकेटं चढवतात आणि वाट बघत बसतात. महिना जातो. इनबॉक्समध्ये कोर्स विकणाऱ्यांशिवाय कोणी फिरकत नाही. मग 'याचा काही उपयोग नसतो' असं म्हणून ॲप बंद होतं.

उपयोग असतो, पण तो तीन निरनिराळ्या वाटांनी होतो आणि प्रत्येक वाटेसाठी करायचं काम वेगळं आहे. रिक्रूटर, म्हणजे कंपनीसाठी उमेदवार शोधणारा, माणूस शोधत असताना तुम्ही त्याला सापडलं पाहिजे, ही पहिली वाट. तुम्ही अर्ज केल्यावर कोणी तुमचं नाव सर्च केलं तर जे दिसेल त्याने तुमची बाजू भक्कम झाली पाहिजे, ही दुसरी. आणि जागा निघाल्याचं ज्यांच्या कानावर आधी येतं त्यांना तुमचं नाव आठवलं पाहिजे, ही तिसरी. पहिल्या दोन्हींचं काम आठवडाभरात उरकता येतं. माझ्या पाहण्यात नोकऱ्या जास्त तिसऱ्या वाटेने येतात, आणि लोक टाळतात तीही हीच, कारण तिथे अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या माणसाशी बोलावं लागतं. म्हणून या लेखात प्रोफाइलची सजावट थोडक्यात आहे आणि माणसांशी कसं बोलावं याला जागा जास्त दिली आहे.

पायरी १: आधी स्वतःलाच शोधा

ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या सर्चचा परिणाम निकालांवर होणार नाही. तुमचं पूर्ण नाव अवतरण चिन्हांत टाकून शोधा. मग नावासोबत कॉलेजचं नाव, जुन्या कंपनीचं नाव, शहराचं नाव जोडून पाहा. फोटोंच्या टॅबमध्येही डोकावा. शेवटी तुमचा जुना ईमेल आणि वर्षानुवर्षं सगळीकडे वापरत आलेलं युजरनेम टाका. विसरलेली खाती बहुधा इथेच हाती लागतात: शाळेत असताना उघडलेला ब्लॉग, कुठल्या तरी फोरमवर रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर.

जे सापडेल त्याची यादी करा आणि प्रत्येकासमोर 'ठेवायचं', 'लपवायचं', 'काढायचं' यांपैकी एक लिहा.

फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये जुन्या सार्वजनिक पोस्ट एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या करायची सोय आहे. एकेक पोस्ट उघडत बसू नका. 'व्ह्यू ॲज' वापरून बाहेरच्या माणसाला तुमचं पान कसं दिसतं तेही बघून घ्या. तुम्हाला टॅग केलेले फोटो आधी तुमच्या मंजुरीला यावेत अशी सेटिंग चालू करा. इन्स्टाग्रामवर पोस्ट कायमच्या काढायला हात धजावत नसेल तर त्या अर्काइव्हमध्ये टाका. खातं प्रायव्हेट केलं तरी प्रोफाइल फोटो, नाव आणि बायो सगळ्यांना दिसतच राहतात, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आणि लिंक्डइनवर तुम्ही ज्या पोस्टला लाइक किंवा कमेंट करता त्याची नोंद तुमच्याच प्रोफाइलच्या ॲक्टिव्हिटीत दिसते. तिथे वाद घातला असेल तर तो मुलाखत घेणाऱ्याच्याही डोळ्यांसमोर असतो.

काय काढायचं? मत असणं हा गुन्हा नाही, आणि सगळी मतं पुसून टाकलेलं पान मला तरी विचित्र वाटतं. नुकसान करतात त्या गोष्टी ठरावीक आहेत: शिवीगाळ, जुन्या साहेबाची किंवा ग्राहकांची टवाळी, कामाच्या ठिकाणचे गोपनीय स्क्रीनशॉट, कुणाच्या जातीधर्मावरून किंवा शरीरावरून केलेले विनोद, आणि रेझ्युमेशी न जुळणारी माहिती. शेवटची गोष्ट सगळ्यात कमी लोक तपासतात. रेझ्युमेत जुन्या नोकरीच्या तारखा एक आणि लिंक्डइनवर दुसऱ्या, एवढ्यावरूनही समोरच्याच्या मनात पाल चुकचुकते.

सगळंच पुसून गायब व्हावं असंही नाही. करिअरबिल्डर या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१८ मध्ये अमेरिकेत केलेल्या सर्वेक्षणात ७० टक्के मालकांनी उमेदवारांचा सोशल मीडिया बघत असल्याचं सांगितलं होतं. त्याच सर्वेक्षणात जवळपास निम्म्यांनी असंही म्हटलं होतं की उमेदवार ऑनलाइन सापडलाच नाही तर त्याला मुलाखतीला बोलावण्याची शक्यता कमी होते. आकडे जुने आहेत, एकाच देशातले आहेत आणि लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेले आहेत. तेव्हा त्यांतून फक्त कल घ्यावा, नेमकेपणा नको.

जाता जाता एक: कोणी मुलाखतीत तुमच्या खात्याचा पासवर्ड मागितला तर देऊ नका. ही मागणी खरोखर होत असे. अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०१२ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला आणि मागोमाग इतर राज्यांनीही केले.

पायरी २: कुठे दिसायचं ते ठरवा

पाच ठिकाणी अर्धमेली खाती ठेवण्यापेक्षा एक मुख्य खातं आणि एक पुराव्याचं खातं पुरे. मुख्य म्हणजे जिथे तुमच्या क्षेत्रातले लोक माणसं शोधतात ते. ऑफिसातल्या बहुतेक कामांसाठी ते लिंक्डइन आहे. पुराव्याचं म्हणजे जिथे काम प्रत्यक्ष बघता येतं ते. प्रोग्रामरसाठी गिटहब, तिथे प्रोफाइलवर सहापर्यंत प्रोजेक्ट पिन करता येतात. डिझायनरसाठी बिहॅन्स. फोटोग्राफर, मेकअप आर्टिस्ट, बेकरीतला कारागीर यांच्यासाठी इन्स्टाग्राम, आणि शिकवणाऱ्यांसाठी यूट्यूबवर टाकलेला एखादा दहा मिनिटांचा धडा. मोजकं आणि निवडक ठेवा. अर्धवट सोडलेले बारा प्रोजेक्ट दाखवण्यापेक्षा पूर्ण केलेले तीन दाखवावेत, आणि प्रत्येकासोबत यात माझा वाटा कोणता हे दोन ओळींत लिहावं. टीमचं काम आपलं एकट्याचं म्हणून खपवलं तर ते मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं.

सगळीकडे नाव एकसारखं लिहा आणि फोटो एकच ठेवा. एका जागी आडनाव, दुसऱ्या जागी नुसतं टोपणनाव, असं असेल तर शोधणाऱ्याला ही एकच व्यक्ती आहे याची खात्री पटत नाही.

पायरी ३: लिंक्डइनचं प्रोफाइल

हात लावण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवण्याची सोय बंद करा. सध्या नोकरीत असाल तर हे विसरू नका. एका दुपारी सात बदल केले आणि सातही साहेबांच्या फीडमध्ये गेले, असं नको.

फोटोबद्दल फार विचार करू नका. चेहऱ्यावर खिडकीचा उजेड, मागे पसारा नाही, लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला नाही, एवढं जमलं की झालं. प्रोफाइलच्या लिंकमध्ये नावापुढे आकड्यांची शेपटी लागलेली असते. ती काढून लिंक सुटसुटीत करता येते. दोन मिनिटांचं काम आहे आणि रेझ्युमेवर बरं दिसतं.

आता हेडलाइन, म्हणजे नावाच्या खाली दिसणारी ओळ. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे, पण सर्चच्या निकालात आणि कमेंटच्या वर तिचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो. तरीही लोक सुरुवातीलाच वाया घालवतात: 'स्वप्नं पाहणारा | टीम प्लेयर | नव्या संधीच्या शोधात'. रिक्रूटर सर्चच्या चौकटीत 'स्वप्नं पाहणारा' कधीच टाकत नाही. तो पदाचं नाव टाकतो, सॉफ्टवेअरचं किंवा यंत्राचं नाव टाकतो, ठिकाण आणि अनुभवाची वर्षं टाकतो. म्हणून हेडलाइन अशी हवी: 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह | एसएपी, ॲडव्हान्स्ड एक्सेल | बँक रिकन्सिलिएशन, महिनाअखेरचं क्लोजिंग | उत्पादन क्षेत्रात ४ वर्षं'. वाचायला रुक्ष आहे, मान्य. पण हिच्यामुळे माणूस सापडतो.

हे शब्द मनाने ठरवू नका. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या दहा-बारा जाहिराती उघडा आणि कुठले शब्द पुन्हा पुन्हा येतात ते कागदावर उतरवा. त्यांतलं जे तुम्हाला खरंच येतं ते जाहिरातीतल्याच शब्दांत प्रोफाइलमध्ये आणा. जाहिरातीत 'इन्व्हेंटरी मॅनेजमेंट' असेल आणि तुम्ही 'स्टॉकची देखभाल' लिहिलं असेल, तर अर्थ एकच असूनही सर्चमध्ये गाठ पडेलच असं नाही. हेच भाषेबाबत. जाहिराती ज्या भाषेत येतात त्या भाषेत मुख्य प्रोफाइल ठेवा. लिंक्डइनवर त्याच खात्याला दुसऱ्या भाषेतलं प्रोफाइल जोडता येतं.

पदनामाची आणखी एक अडचण असते. काही कंपन्या 'असोसिएट लेव्हल टू' अशी नावं देतात. बाहेर त्याचा कुणाला पत्ता लागत नाही. अशा वेळी अधिकृत पद लिहून पुढे बाजारात चालणारं नाव जोडावं. पण त्या निमित्ताने स्वतःला बढती देऊ नका. पार्श्वभूमी तपासणीत आधीच्या कंपनीकडून पदनामाची खातरजमा होते.

'अबाउट' या भागात २६०० अक्षरं बसतात, मात्र 'सी मोअर'च्या आधी पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. एक नेहमीचा नमुना बघा:

'मी एक मेहनती, प्रामाणिक व ध्येयनिष्ठ व्यक्ती असून नवनवीन गोष्टी शिकण्याची मला आवड आहे. आपल्या संस्थेच्या प्रगतीत मोलाचे योगदान देण्याची माझी इच्छा आहे.'

यात खोटं काही नाही, पण हे कोणीही कुणाबद्दलही लिहू शकतं. आता हे वाचा:

'गोदामात माल किती आला, किती गेला आणि सिस्टिमवर किती दिसतो, हे तीन आकडे जुळवणं हे माझं काम. पाच वर्षं औषधांच्या वितरणात स्टॉक सांभाळतेय. तिथे मुदत संपत आलेल्या मालाची दर आठवड्याची यादी मी सुरू केली. पूर्वी उशीर झाल्याने जो माल फेकावा लागायचा, तो आता वेळेत पुरवठादाराकडे परत जातो. यापुढे एकाहून जास्त गोदामांची जबाबदारी असलेलं काम शोधतेय.'

या परिच्छेदात ही बाई काय करते, कुठल्या क्षेत्रात करते, तिच्यामुळे कोणता फरक पडला आणि तिला आता काय हवंय, हे सगळं आलं. एकही विशेषण नाही. टक्केवारीही नाही, तरी पटतं, कारण गोष्ट नेमकी आहे. तुमच्याकडे खरे आकडे असतील तर जरूर द्या. नसतील तर बनवू नका, कारण पहिला प्रश्न 'हा आकडा कसा काढलात?' असाच येणार. कंपनीचे गोपनीय आकडेही नकोत. तिथे 'तीन गोदामं', 'रोजच्या दोनशेच्या आसपास ऑर्डर' असा आवाका सांगितला की भागतं.

अनुभवाच्या भागातही हीच रीत: नेमून दिलेली कामं कमी लिहा, तुमच्यामुळे काय सुधारलं ते जास्त. मध्ये घरच्या जबाबदारीसाठी, आजारपणासाठी किंवा शिक्षणासाठी थांबला असाल तर तो काळ लपवायची धडपड नको. लिंक्डइनने २०२२ मध्ये 'करिअर ब्रेक' ही वेगळी नोंद आणली आहे. तीत एक-दोन साध्या वाक्यांत कारण लिहा आणि सुटा. पहिलीच नोकरी शोधणाऱ्यांनी इंटर्नशिप, कॉलेजचे प्रोजेक्ट, एखाद्या संस्थेसाठी बिनपगारी केलेलं काम, सगळं इथे घालावं. उत्सवासाठी वर्गणीचा चोख हिशेब ठेवला असेल तर तोही हिशेबाचाच अनुभव आहे.

स्किल्समध्ये जे हवंय त्या कामाची कौशल्यं वर आणा. रेकमेंडेशन मात्र दोन तरी मिळवा, आणि मागताना समोरच्याचं काम सोपं करा. 'सर, माझ्यासाठी रेकमेंडेशन लिहाल का?' एवढंच म्हटलं तर ते 'ही मुलगी फार कष्टाळू आहे' एवढंच लिहितात. त्यापेक्षा असं विचारा: 'सर, आपण नवीन बिलिंग सिस्टिमवर गेलो तेव्हा जुना डेटा तपासायचं काम माझ्याकडे होतं. त्याबद्दल तुम्हाला जे आठवतं ते दोन-तीन ओळींत लिहिलंत तर मला फार मदत होईल. घाई अजिबात नाही.'

पायरी ४: 'ओपन टू वर्क' लावायचं का?

'ओपन टू वर्क' म्हणजे तुम्ही नोकरी शोधताय हे लिंक्डइनवर दाखवणारी खूण. तिचे दोन प्रकार आहेत. एकात फोटोभोवती हिरवी कड येते आणि ती सगळ्यांना दिसते. दुसऱ्यात ही माहिती फक्त रिक्रूटरच्या सशुल्क खात्यांना दिसते. या दुसऱ्या प्रकारात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ती लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण गोपनीयतेची हमी देत नाही, आणि तसं ते स्वतःच सांगतं. म्हणजे नोकरीत असाल तर दुसरा प्रकार घ्या, तोही थोडी जोखीम आहे हे धरून. नोकरी सुटलेली असेल तर हिरवी कड बेलाशक लावा. 'त्याने माणूस गरजू दिसतो' असं म्हणणारे बरेच भेटतील. मला ते पटत नाही. ज्यांना मदत करायची आहे त्यांना आधी कळलं तर पाहिजे.

सोबत जॉब अलर्टही लावा, पण पदाच्या दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी, कारण एकाच कामाला प्रत्येक कंपनीत निराळं नाव असतं.

पायरी ५: ओळखी, आणि त्यातही पुसट ओळखी

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं होतं की ज्याच्याकडून बातमी कळली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. 'वरचेवर भेटायचा' म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकी सगळे कधीमधी किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसांमुळे नोकरीला लागले होते. कारण सरळ आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक तुम्हालाही माहीत असतं. नवी बातमी बाहेरच्या वर्तुळातून येते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटींहून जास्त सदस्यांवरचा, पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यात थोडी भर पडली: अगदी अनोळखी माणसापेक्षा आणि अगदी जवळच्या माणसापेक्षाही मधली, जुजबी ओळख नोकरी बदलायला जास्त कामी येते.

आता एक वही घ्या आणि अशा जुजबी ओळखी लिहून काढा. जुन्या ऑफिसात शेजारच्या विभागात असलेले, एक-दोन वर्षं पुढे-मागे शिकलेले, कंपनीला माल पुरवणारे, ग्राहकाकडून तुमच्याशी बोलणारे, प्रशिक्षणात एकत्र बसलेले, कॉलेजातले शिक्षक. ही यादी धरा आणि तिच्याच शेजारी ज्या कंपन्यांत काम करायला आवडेल त्यांची पंधरा-वीस नावं लिहा. लिंक्डइनवर तुमच्या कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा टॅब असतो. तिथे कंपनीचं नाव टाकलं की तुमच्याच कॉलेजातले कोण तिथे आहेत ते कळतं. दोन्ही याद्या जिथे जुळतात तिथून सुरुवात करा.

कनेक्शनच्या विनंतीसोबत छोटी नोट जोडता येते. मोफत खात्याला दर महिन्याला अशा मोजक्याच नोट मिळतात, म्हणून त्या खरोखर हव्या असलेल्या माणसांसाठी राखून ठेवा. आणि मेसेज असा नको:

'हॅलो मॅडम, मला जॉबची खूप गरज आहे, तुमच्या कंपनीत काही असेल तर प्लीज सांगा. रेझ्युमे जोडत आहे.'

या मेसेजला काय उत्तर द्यायचं तेच त्या मॅडमना कळत नाही. कुठली जागा, कुठलं काम, मी काय करू? तुमच्याबद्दल वाईट वाटलं तरी त्या 'बघते' म्हणून पुढे जातात. त्याऐवजी:

'नमस्कार मॅडम. मी आपल्याच कॉलेजची, तुमच्यानंतर तीन वर्षांनी पास झाले. औषध वितरणात स्टॉक सांभाळते. तुम्ही वितरणातून प्लॅनिंगकडे वळलात असं प्रोफाइलवर दिसलं. मला तोच बदल करायचा आहे. सुरुवातीला नेमकं काय शिकून घेतलंत, एवढं सांगितलंत तर उपकार होतील. सवडीने उत्तर दिलंत तरी चालेल.'

हा मेसेज नोकरी मागत नाही. तो एक प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर मॅडमना येतं, आणि ते द्यायला पाच मिनिटं पुरतात. उत्तर आलं तर ते खरोखर अमलात आणा आणि दोन-तीन आठवड्यांनी कळवा: 'तुम्ही सांगितलेला एक्सेलचा भाग पूर्ण केला, आमच्याच गोदामाच्या डेटावर करून पाहिला.' सल्ला विचारणारे पुष्कळ असतात, तो वापरून परत येणारे फार थोडे. अशा माणसाचं नाव लक्षात राहतं. उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने एकदा आठवण द्या. त्यानंतर विषय सोडा. गप्प राहण्याचाही त्यांना हक्क आहे.

रेफरल, म्हणजे कंपनीतल्या माणसाने तिथल्या जागेसाठी तुमचं नाव सुचवणं, मागायची वेळ येते ती प्रत्यक्ष जागा निघाल्यावर. तेव्हा एकाच मेसेजमध्ये सगळं द्या: जाहिरातीची लिंक, जॉब आयडी, रेझ्युमे, आणि त्यांना जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा तीन ओळींचा परिचय. तो परिचय तृतीयपुरुषी लिहा, म्हणजे त्यांना फक्त फॉरवर्ड करावं लागेल. शेवटी नकाराला वाट ठेवा: 'तुम्हाला अवघड वाटत असेल तर अजिबात संकोच करू नका.' काही कंपन्यांत आधी स्वतः अर्ज केला की मग रेफरल लागू होत नाही. म्हणून अर्जाआधी विचारून घ्या.

पायरी ६: लिहायचं काय?

रोज पोस्ट टाकलीच पाहिजे, असं सांगणारे बरेच आहेत. माझं मत उलट आहे. नोकरी शोधणाऱ्याला पोस्टपेक्षा कमेंट जास्त फळते. तुमच्या क्षेत्रातल्या, शक्यतो यादीतल्या कंपन्यांतल्या आठ-दहा माणसांना फॉलो करा आणि आठवड्यात तीन-चार ठिकाणी कामाचं काही लिहा. 'खूप छान, सर' याला काही किंमत नाही. कोणी लिहिलं असेल की परत येणाऱ्या मालाची नोंद हा डोकेदुखीचा भाग आहे, तर खाली तुम्ही लिहा: 'आमच्याकडे परतीचं कारण टाइप करायला होतं तेव्हा प्रत्येक जण वेगळं लिहायचा. सहा ठरलेल्या कारणांची यादी दिल्यावर महिन्याचा अहवाल वाचण्यासारखा झाला.' ही कमेंट वाचणाऱ्याला तुमची हेडलाइन शेजारीच दिसते. जाहिरात न करता जाहिरात झाली.

एआयकडून कमेंट लिहून घेण्याचा मोह टाळा. मूळ पोस्टचंच म्हणणं गोड शब्दांत परत सांगणाऱ्या त्या कमेंटा आता लांबूनही ओळखू येतात. तसंच नोकरीच्या पोस्टखाली 'इंटरेस्टेड' लिहून थांबू नका. तिथे शेकडो इंटरेस्टेड असतात आणि पोस्ट टाकणारा त्यातून एकेकाला उघडून बघेल ही आशा फोल आहे. पोस्टमध्ये सांगितलेल्या पद्धतीनेच अर्ज करा आणि मग त्या व्यक्तीला दोन ओळींचा मेसेज टाका.

पोस्ट लिहावीशी वाटलीच तर कामातली एक अडचण आणि ती कशी सोडवली एवढंच लिहा. कंपनीचं आणि ग्राहकाचं नाव नको, स्क्रीनशॉट नको.

पायरी ७: फसवणारे ओळखा

'मी नोकरी शोधतोय' असं जाहीर केलं की रिक्रूटरच्या आधी ठग येतात. पैसे मागितले की तिथेच थांबायचं, मग त्याला नोंदणी शुल्क म्हणोत, प्रशिक्षण शुल्क म्हणोत की लॅपटॉपची अनामत. मुलाखत न घेता ऑफर देणारे, पहिल्याच मेसेजनंतर बोलणं टेलिग्रामवर नेणारे, व्हिडिओ लाइक करायचे पैसे देतो म्हणणारे, ओटीपी विचारणारे, सगळे त्याच गोटातले. ईमेल कंपनीच्या डोमेनवरून आलाय का ते अक्षर अक्षर बघा, कारण एखादं अक्षर बदललेलं असतं. ती जागा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिसते का ते पाहा. रिक्रूटरचा फोटो रिव्हर्स इमेज सर्चमध्ये, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधणाऱ्या सोयीत, टाका. कुणा दुसऱ्याच माणसाचा निघाला तर ब्लॉक करा आणि रिपोर्टही करा.

तुमच्या बाजूने पथ्य एवढंच: जन्मतारीख, घरचा पत्ता, ओळखपत्राचा फोटो प्रोफाइलवर कुठेही नको, आणि नोकरीच्या शोधासाठी ईमेल वेगळा ठेवा.

वेळ किती द्यायचा?

पहिल्या आठवड्यात सफाई आणि प्रोफाइल. त्यानंतर रोज अर्धा तास पुरे, पण तो स्क्रोल करण्यात घालवायचा नाही. आठवड्याला पाच नवे मेसेज, तीन-चार कमेंटा, निवडक अर्ज, आणि कुणाला कधी काय लिहिलं याची एक साधी शीट. शीट नसली की त्याच माणसाला तोच मेसेज दुसऱ्यांदा जातो. महिन्याने तपासा: सर्चमध्ये दिसताय पण प्रोफाइल कोणी उघडत नाही, तर हेडलाइन बदला. प्रोफाइल उघडतात पण पुढे काही घडत नाही, तर अबाउट आणि अनुभव पुन्हा लिहा. मेसेजला उत्तरं येत नाहीत, तर प्रश्न फार मोठा किंवा फार मोघम असणार.

ऑफर आल्यावर

२००९ मध्ये सिस्को या अमेरिकन तंत्रज्ञान कंपनीकडून ऑफर आलेल्या एका विद्यार्थिनीने ट्विटरवर लिहिलं की जाडजूड पगार घ्यावा की रोजचा प्रवास आणि न आवडणारं काम टाळावं, हे आता ठरवायचंय. सिस्कोच्याच एका कर्मचाऱ्याने ते वाचलं आणि तिला नेमणारा मॅनेजर कोण ते विचारलं, त्याला हे कळलं तर आनंदच होईल म्हणून. ते ट्वीट जगभर फिरलं. तेव्हा रुजू होईपर्यंत काही जाहीर करू नका. पगार नाही, ऑफर लेटरचा फोटो नाही, आणि जुन्या कंपनीबद्दल मन मोकळं करणारी पोस्टही नाही. जुन्या ठिकाणचा राजीनामा मंजूर होऊन नव्या ठिकाणी पहिला दिवस झाला की प्रोफाइलवर नवी नोंद टाका, जुन्या नोकरीला शेवटची तारीख घाला आणि 'ओपन टू वर्क' बंद करा. मग ती शीट उघडा. ज्यांनी उत्तर दिलं, रेफरल दिलं किंवा नुसता एखादा फोन नंबर दिला, त्या प्रत्येकाला काय झालं ते वेगवेगळ्या मेसेजने कळवा. कॉपी-पेस्ट करू नका.